लोखंडी राखणदार

यंदाच्या चतुर्थीला माझा भाचा गाडी घेऊन घरी आला. गाडी गेल्या वर्षीच घेतलेली. बंद टपाची, चारही चाकांना जोर देणारी. नवे होते ते तिच्या पोटातले लोखंड. टपाखालून, खिडक्यांच्या कडेने, पुढच्या आसनांच्या मागून आणि मागच्या आसनांच्या डोक्यावरून काळे पाईप फिरवलेले. वाड्यावरची मुले गाडीत शिरून त्या पाईपांना लोंबकळू लागली. शेजारच्या काकांनी पाईपवर बोटांनी टकटक करून पाहिले आणि मान डोलावली. बहिणीने तर गाडीची दृष्ट काढून मधल्या पाईपला कुंकू लावले.

"हे कशाला रे?" मी विचारले.

"मामा, भुरग्यांखातीर," भाचा म्हणाला. चोर्ला घाटात गाडी उलटली तरी टप चेपणार नाही, पोरे सुखरूप राहतील, असे त्याचे म्हणणे. गॅरेजवाल्याने त्याला तसे छातीठोक सांगितले होते. पस्तीस हजार रुपये आणि चार दिवस लागले. याला म्हणतात रोल केज.

आता कुठलाही बाप "मुलांसाठी केले" असे म्हणाला की पुढे बोलणे कठीण होते. मीही त्या दिवशी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते, कारण तिसऱ्याच दिवशी त्याच पाईपाने त्याच्या सात वर्षांच्या मुलीच्या कपाळाला चार टाके पडले. म्हणून हे लिहितो आहे. गोव्यात हल्ली अशा गाड्या वाढताना दिसतात, आणि प्रत्येक पिंजऱ्यामागे तेच उत्तर ऐकू येते... मुलांसाठी.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. रोजच्या वापराच्या, घरच्या माणसांना नेणाऱ्या बंद गाडीत असा हाताने केलेला पिंजरा बसवू नये. तो मुलांना राखत नाही. उलट, त्यांच्या डोक्यापासून चार बोटांवर लोखंड आणून ठेवतो.

रोल केज ही वस्तूच वाईट, असे मी म्हणत नाही. तिचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. ट्रॅक्टर उलटून शेतकरी खाली चिरडून मरत, म्हणून स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि तिथले हे मरण हळूहळू जवळजवळ संपले. ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर चालणाऱ्या गाड्यांत आतून असे सांगाडे बसवतात. ते अभियंत्याने हिशेब करून दिलेले, प्रमाणपत्र असलेले असतात. टप नसलेल्या उघड्या जीपला तर मजबूत आडवी कमान हवीच. तिच्यात उलटल्यावर माणसाच्या डोक्यावर आकाशच असते. आणि शर्यतीच्या गाडीत पिंजरा नसेल तर तिला कोणी मैदानात उतरूच देत नाही. 2014 साली आपल्या गोव्यातच भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखल-ओढ्यांतली स्पर्धा सुरू झाली. तिथल्या गाड्या जवळून पाहिलेल्या माणसाला पिंजऱ्याची थट्टा करावीशी वाटणार नाही. त्या खरोखरच कुशीवर पडतात, आणि आतला माणूस हसत बाहेर येतो.

पण तो माणूस आत कसा बसलेला असतो, तेही पाहून या. डोक्यावर शिरस्त्राण. अंगावर दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येणारे पट्टे, श्वास घ्यायलाही सैल नसलेले. आसन असे खोलगट की धड हलत नाही. पिंजरा, आसन, पट्टा आणि शिरस्त्राण ही चार भावंडे आहेत. त्यांतला एकटा पिंजरा उचलून आपण घरच्या गाडीत आणला आणि बाकीच्या तिघांना दाराबाहेर ठेवले. मग माणूस आपल्या जागी घट्ट धरलेला राहत नाही आणि त्याच्या उघड्या डोक्याला मऊही काही राहत नाही.

घरच्या गाडीचा पट्टा तीन ठिकाणी बांधलेला असतो. तो मुद्दाम थोडा ढिला सुटतो, छातीवर एकदम जोर येऊ नये म्हणून. त्यामुळे धडक बसली की पट्टा लावलेला माणूससुद्धा पुढे झुकतो, आणि गाडी बाजूने ठोकली गेली किंवा उलटली तर डोके बाजूला आणि वर फेकले जाते. कंपनीने गाडी आखताना हे धरलेले असते. म्हणून टपाच्या कडा आतून प्लास्टिकने आणि अस्तराने झाकलेल्या असतात आणि डोक्याभोवती मोकळी जागा सोडलेली असते. ती मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. तीच त्या गाडीतले शिरस्त्राण. आपला वेल्डर त्याच मोकळ्या जागेत पाईप बसवतो.

मोटार स्पर्धांची जागतिक संघटना, म्हणजे एफ.आय.ए., हिच्या नियमात एक साधे कलम आहे : जिथे जिथे चालकाचे शिरस्त्राण पिंजऱ्याला लागू शकेल तिथे तिथे ठरावीक दर्जाचे कठीण आवरण लावलेच पाहिजे. नीट वाचा. शिरस्त्राण घातलेले डोके पाईपला लागण्याचीसुद्धा त्यांना भीती वाटते. भाच्याच्या गाडीत पाईपांवर काय होते? एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम. बोटाने दाबला की बोट थेट लोखंडाला टेकते. तो उष्णतेसाठी असतो, डोक्यासाठी नव्हे.

आता त्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. आम्ही सत्तरीत नातेवाइकांकडे आरतीला निघालो होतो. पुढे भाचा आणि त्याची बायको, मागे मी आणि दोन्ही मुले. संध्याकाळ, पाऊस, आणि एका शाळेपुढे पांढरे पट्टे पुसून गेलेला गतिरोधक. वेग फार तर तीस. गाडी उडाली, भाच्याने ब्रेक मारला, आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर उभी राहून बाहेर पाहणारी मुलगी तोल जाऊन पुढच्या आसनामागच्या आडव्या पाईपवर आपटली. आवाज अजून माझ्या कानात आहे. अपघात म्हणावा असे काही घडलेच नव्हते; गाडीला ओरखडासुद्धा नाही. मुलीच्या भुवईवर मात्र चार टाके, आणि डॉक्टरांचे एकच वाक्य : दोन सेंटीमीटर खाली असते तर डोळा होता.

वाचक लगेच विचारतील, तिला पट्टा का लावला नव्हता? रास्त प्रश्न. दोष माझा. मी तिच्या शेजारी बसलेला मोठा माणूस होतो, आणि मीही पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे मागे बसणाऱ्याला पट्टा म्हणजे शोभेची वस्तू वाटते. 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळा देश मागच्या पट्ट्यावर बोलत होता. मग आपण विसरलो.

पण माझ्या दोषापुढे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नीट पाहताना कळली. पिंजऱ्याचा मागचा पाय जिथे जमिनीवर उतरवला होता तिथेच डाव्या पट्ट्याचे कुलूप होते. पायाच्या लोखंडी पाटीखाली ते अर्धे दबलेले. मोठ्या माणसाचा हातही धड आत जात नव्हता. उजवीकडचा पट्टा खांद्यावर येण्याआधी पाईपावर घासत होता. म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी बसवलेल्या पिंजऱ्याने मुलांचे पट्टेच निकामी केले होते! भाचेसून म्हणाली, "केज बसवल्यापासून मागचे पट्टे लावताच येत नाहीत, म्हणून सोडून दिले." चार दिवस गाडी गॅरेजात होती. त्या चार दिवसांत कोणालाही मागच्या आसनावर बसून एकदा पट्टा लावून पाहावासा वाटला नाही.

मग मी पाईपांकडे वळलो. लोखंड कळायला लोहार असावे लागत नाही, थोडे वाचावे लागते. स्पर्धेच्या नियमानुसार मुख्य कमानीचा पाईप बिनसांध्याचा, थंड ओढलेल्या पोलादाचा असावा लागतो; बाहेरचा व्यास 45 मिलिमीटर असेल तर जाडी किमान अडीच मिलिमीटर, 50 असेल तर दोन. पत्र्यावर जिथे पाय उतरतो तिथे किमान 120 चौरस सेंटीमीटरची आणि तीन मिलिमीटर जाडीची पाटी हवी, आणि प्रत्येक पायाला कमीत कमी तीन बोल्ट. उगाच छळायला हे आकडे ठरवलेले नाहीत. गाडी उलटली की तिचे सगळे वजन त्या चार-सहा पायांवर येते. पाटी लहान असली तर पिंजरा जसाच्या तसा राहतो आणि त्याचा पाय तळाचा पत्रा फोडून खाली जातो, भाकरीतून बोट जावे तसा.

भाच्याच्या पिंजऱ्याचा पाईप कुठला? बिलावर लिहिले होते "पाईप काम". गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "भारी पाईप आहे साहेब, रेलिंगला वापरतो तोच." रेलिंगचा पाईप पट्टी गुंडाळून, लांबीत सांधा मारून केलेला असतो. माडीच्या कठड्याला तो उत्तम. शिवाय त्याच्याकडे पाईप वाकवायचे यंत्र नव्हते. गॅसने तापवून वाकवला होता. तापवून वाकवलेल्या जागी पाईप आतल्या बाजूने चपटा झालेला डोळ्यांना दिसत होता, आणि चपटा झालेला पाईप जोर आला की नेमका तिथेच मोडतो. दोन पाईप जिथे भेटतात तिथे एकाचे तोंड दुसऱ्याच्या गोलाईला बसेल असे कापायला हवे. इथे सरळ कापून फट वेल्डिंगने भरली होती आणि वर काळा रंग. पायांखाली तळाच्या बाहेरून पाटीच नव्हती; नुसते वॉशर. गाडीखाली वाकून पाहिले तर बोल्टांच्या कडेने तांबूस गंज चढू लागला होता. आपल्या हवेत, आपल्या पावसात, पत्र्याला पाडलेले उघडे भोक म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण. दोन पावसाळ्यांनंतर त्या पायाखाली पत्रा उरेल की तांबडी माती, देव जाणे.

समजा त्याने नियमाबरहुकूम पाईप वापरला असता. 45 बाय अडीचचा पाईप मीटरला सुमारे 2.6 किलो भरतो. पूर्ण पिंजऱ्याला वीस मीटरच्या आसपास पाईप लागतो. म्हणजे पाट्या-बोल्ट धरून पन्नास किलोंहून जास्त, आणि त्यातला बराचसा भाग खांद्याच्या वर. उंच गाडी उलटते ती तिचा भार वर असल्यामुळे. उलटण्याची भीती म्हणून आपण तिच्या माथ्यावर आणखी भार चढवतो! एक माणूस टपावर बसवून घाट उतरण्यातला हा प्रकार. चांगल्या पिंजऱ्यात हा तोटा पत्करण्याजोगा असतो. रेलिंगच्या पाईपात तोटा शिल्लक राहतो, फायदा राहत नाही.

आणि एअरबॅग? भाच्याच्या गाडीत कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत. गाडी घेताना त्याने त्यांच्यासाठीच वरचे मॉडेल निवडले, दीड लाख जास्त मोजून. त्या टपाच्या कडेत घडी घालून ठेवलेल्या असतात आणि धडक होताच पापणी लवण्याआधी खिडकीवर खाली उतरतात. गॅरेजवाल्याने नेमके त्याच कडेने पाईप नेले, अस्तर कापून, क्लिपा तोडून. आता ती पिशवी उघडताना पाईपला अडकेल, की पाईपाच्या आतल्या बाजूने फुगून डोके पाईपवरच ढकलेल, हे मला सांगता येत नाही. त्या गॅरेजवाल्यालाही येत नाही. कंपनीने ती पिशवी कितीतरी गाड्या ठोकून पारखलेली असते. हा पिंजरा कोणीच पारखलेला नाही. दीड लाखाचे कवच पस्तीस हजार देऊन बिघडवले, असा हा हिशेब.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे लावायचे असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या बाजूला बसवायच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी आणली. गाडीपुढे लोखंड लावल्याने पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि आतल्यांच्या एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो, हे त्यामागचे कारण. तेच लोखंड आत आले की ते शहाणे होते काय? आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारील तो या पाईपांबद्दल, हेही लक्षात ठेवावे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी ऐकले आहे. त्यात एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. आपल्याकडे गाड्यांच्या टपाच्या मजबुतीकडे फारसे कोणी पाहत नाही. 2023 साली सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत गाडी समोरून ताशी 64 किलोमीटरने, बाजूने 50 ने आणि खांबावर 29 ने ठोकतात. गाडी उलटवून टप तपासत नाहीत. अमेरिकेत 2009 च्या सुधारित नियमाने हलक्या गाडीच्या टपाने तिच्या वजनाच्या तिप्पट भार सोसला पाहिजे असे ठरवले, आधी तो दीडपट होता. म्हणजे भाच्याची भीती वेडगळ नाही. टप चेपतो. माणसे मरतात. पण या भीतीचे उत्तर म्हणून आपण काय करायला हवे होते? कंपनीला विचारायला हवे होते, टपाचा हिशेब दाखवा. सरकारला पत्रे लिहायला हवी होती. वर्तमानपत्रांत बोंब ठोकायला हवी होती. भाषेच्या प्रश्नावर, जमिनीच्या प्रश्नावर आपण गोवेकर किती तावातावाने लिहितो! मग गाडीच्या टपावर आपली लेखणी का सुकते? कारण तिथे पस्तीस हजारांत घरगुती तोडगा मिळतो. ज्याला परवडले त्याने आपल्यापुरता पिंजरा केला आणि प्रश्न मिटला. बाकीच्यांच्या टपाचे काय ते त्यांनी पाहावे.

दुसरे म्हणणे : "बाहेरच्या देशांत सर्रास बसवतात." बसवतात, पण तिथे अभियंता सही करतो, आणि ती सही खोटी निघाली तर त्याला न्यायालयात उभे राहावे लागते. आपण तिकडून फोटो आणले, सही आणली नाही.

तिसरे म्हणणे कोणी उघड बोलत नाही, पण तेच खरे असावे असा मला संशय आहे. पिंजरा दिसतो चांगला. काळे पाईप, जाड टायर, वर दिव्यांची ओळ. गाडी रोज फोंडा ते पणजी जाते, पण दिसते दूधसागरला निघाल्यासारखी. रुबाब करण्यात पाप नाही. आमच्या पिढीने बुलेटवर केला. पण मग रुबाबाला रुबाब म्हणावे, मुलांच्या डोक्यावर त्याचे ओझे टाकू नये. दिव्यांची ओळ लावली तर फार तर समोरच्याचे डोळे दिपतील. पाईप लावला तर मुलीच्या कपाळाला लागतो.

इथे मला आपल्या जुन्या समजुतीबद्दल बोलावेसे वाटते. आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर राखणदार आहे. घाटात, ओढ्याकाठी, वडाखाली. आपण थांबतो, नारळ ठेवतो, गाऱ्हाणे घालतो, पुढे जातो. मी स्वतः अजून थांबतो. पण आमच्या आजोबांना मी पाहिले आहे : राखणदाराला नारळ देऊन झाला की ते बैलगाडीच्या चाकाची कुणी तपासत, जू आवळत, उतारावर स्वतः खाली उतरून चालत. राखण मागणे आणि राखून वागणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच कामाच्या होत्या. आपण पहिली ठेवली, दुसरी सोडली. आता तर राखणदारही लोखंडाचा करून गाडीतच बसवला. एकदा पैसे दिले, कुंकू लावले, की आपण मोकळे : वेग वाढवायला, पट्टा न लावायला, वळणावर ओव्हरटेक करायला. पिंजरा बसवल्यापासून भाचा घाट पूर्वीपेक्षा जोरात उतरतो, हे त्याच्याच बायकोने मला सांगितले. त्याला ते कबूल नाही.

बरे, मग मुलांसाठी करायचे काय? पस्तीस हजारांत पुष्कळ करता येते. लहान मुलासाठी चांगले बालआसन येते, आणि मोठ्या मुलीसाठी पट्टा खांद्यावर नीट बसेल असे उंचीचे आसन येते. कायद्यानेही चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्यात किंवा बालआसनात असले पाहिजे, नाहीतर हजार रुपये दंड. उरलेल्या पैशांत झिजलेले टायर बदलता येतात. ओल्या घाटात गाडीला रस्ता धरून ठेवतात ते टायर. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासायला तर पेट्रोल पंपावर पैसेही पडत नाहीत. नवी गाडी घेणाऱ्यांनी घसरताना चाकांना आपणहून वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा आहे ना, ते पाहावे. उंच गाड्यांचे उलटणे तिनेच सर्वांत जास्त कमी केले आहे. आणि चतुर्थीच्या दिवसांत टपावरच्या कॅरियरवर नारळ, माटोळीचे सामान, पाहुण्यांच्या बॅगा रचून घाट चढणे सोडावे. यातले काहीच दिसायला रुबाबदार नाही. पट्टा लावलेल्या मुलाचा फोटो कोणी मागत नाही.

ज्यांच्या गाडीत पिंजरा आधीच आहे, त्यांनी निदान चार प्रश्न विचारावेत. पाईप कोणता आणि किती जाडीचा, ते बिलावर लिहून आहे काय? पायांखाली, पत्र्याच्या बाहेरून, पाटी आहे काय? घरातल्या प्रत्येकाने आपापल्या जागी पट्टा लावून बसावे, डोके चारी बाजूंना झुकवावे : ते पाईपला टेकते काय? आणि एअरबॅगची वाट मोकळी आहे, बदलाला वाहतूक खात्याची मंजुरी आहे, असा एकतरी कागद हाती आहे काय? एका जरी प्रश्नाचे उत्तर अडले तरी पाना घ्यावा आणि पिंजरा काढावा. भोके बुजवावीत, गंज खरवडून रंग द्यावा, आणि अस्तर, पट्टे आणि एअरबॅग कंपनीच्या अधिकृत दुकानातून तपासून घ्यावेत. खर्च होईल. होऊ दे.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो रागावला, मग गप्प झाला. परवा फोनवर म्हणाला, "मागचा भाग काढून टाकतो मामा, पुढची कमान राहू दे." मी म्हटले, ते आणखी वाईट. मागचे तिरके पाईप कमानीला धरून ठेवतात. ते कापले तर उरलेली कमान पहिल्याच धक्क्याला पुढे झुकेल, आणि पुढे तू आणि तुझी बायको बसता. काढायचा तर सगळा काढ. "बघतो," म्हणाला. गाडी अजून तशीच आहे.

टाके निघाले. भुवईवर बारीक रेघ राहिली आहे, ती राहणार. मी बहिणीला स्पष्ट सांगून ठेवले आहे की तो पिंजरा असेपर्यंत नातीला त्या गाडीत बसू देऊ नकोस. पाईपला कुंकू तिनेच लावले होते. तो काढायला लावणाराही शब्द घरात तिचाच चालेल.